पहिल्या वेळी बीपी चढलं होतं, आता दुसरी खेप. घरी बीपी किती वेळा बघायचं?

फांती | १२ जून, रात्री १०:४२

एरवी रोमात (नुसती वाचत) असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मी साखळीजवळची. मोठी मुलगी पाच वर्षांची. तिच्या वेळी एकतिसाव्या आठवड्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. मग एके रात्री बरगड्यांखाली उजव्या बाजूला असं दुखायला लागलं की आडवं पडवेना. तेव्हा जिथे दाखवत होतो तिथे 'ॲसिडिटी आहे, रात्री जड जेवू नका' म्हणून गोळी देऊन परत पाठवलं. बीपी कुणी बघितलंच नाही. घरी येऊन थंड दूध प्यायले आणि भिंतीला टेकून बसून राहिले. पहाटे न्हाणीत उभी होते तर डोळ्यांपुढे काजवे चमकले, दिव्याभोवती पिवळं कडं दिसायला लागलं. नवऱ्याने १०८ बोलावली. बांबोळीला मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा बीपी १८०/११६, प्लेटलेट ६२ हजार. प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी चढून किडनी-लिव्हरला मार बसतो तो आजार), त्यात हेल्प सिंड्रोम, म्हणजे त्याचंच घातक रूप, लिव्हर बिघडतं आणि प्लेटलेट घसरतात. त्याच दिवशी सिझेरियन. लेक १ किलो ३८० ग्रॅमची, २६ दिवस काचेच्या पेटीत.

आता दहावा आठवडा चालू आहे. डॉक्टर बदलल्या. या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिन आणि पुढे कॅल्शियम सांगितलंय, घरी बीपी बघून लिहून ठेवा म्हणाल्या. मशीन आणलं. पण मी दर तासाला दंडाला पट्टा बांधून बसते आणि आकडा बघून आणखी घाबरते. सासूबाईंनी मीठ बंद करायचं ठरवलंय, चेपणीच्या तोरांची (मिठात मुरवलेल्या कैऱ्यांची) बरणी माळ्यावर गेली. आई म्हणते आतापासून आडवी पड. ज्यांना यातून जावं लागलंय त्यांनी दुसऱ्या वेळी काय केलं ते सांगा.

कुळागर | १२ जून, रात्री ११:१५

अभिनंदन आधी! ते कुणी करतच नाही बघ अशा वेळी.

मशीन दंडाचंच आहे ना? मनगटाचं असेल तर कपाटात ठेव. पट्टा लहान झाला तर बीपी उगाच जास्त दाखवतो. माझा दंड ३४ सेंटीमीटर, सोबत आलेला पट्टा ३२ पर्यंतचा. दोन आठवडे मी आणि नवरा रोज रात्री एकमेकांची तोंडं बघत बसायचो, मग नर्सबाईंनी टेप काढून दंड मोजला तेव्हा कळलं. आधी लघवीला जाऊन ये. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बस, पायावर पाय नको. दंड छातीच्या पातळीला, खाली उशी घे. मिनिटाच्या अंतराने दोनदा बघ, दोन्ही आकडे लिही आणि मशीन उचलून ठेव. मला सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा सांगितलं होतं. तुला किती वेळा ते तुझ्या बाईंनाच विचार, पण दर तासाला कुणीच सांगणार नाही.

आणि बघताना बोलायचं नाही. हेच सगळ्यात अवघड, निदान माझ्या घरात.

आज_नुस्तें_कितें | १३ जून, सकाळी ७:०५

मशीन घरात आलं ना, आता बघ. आमच्याकडे बायकोसाठी आणलं, तिसऱ्या दिवसापासून बाबा स्वतःचं बघायला लागले. मग शेजारचे काका. चवथीला तर आरती झाल्यावर ओसरीवर रांग! 'माझें एकशें तीस, तुजें कितलें?' बायको आत ओरडतेय, अहो माझी वेळ झाली, पट्टा द्या.

ओसरी | १३ जून, सकाळी ९:३०

मी वेगळा अनुभव सांगते. पहिल्या वेळी माझंही १६०/१०० झालं होतं. दुसऱ्या वेळी तिसऱ्या महिन्यापासून मीठ जवळजवळ बंद केलं. खारे बांगडे नाहीत, लोणचं नाही, पापड नाही. काही झालं नाही, नऊ महिने पूर्ण भरले. तेव्हा सासूबाईंचं अगदीच चूक नाही. बरणी माळ्यावरच राहू दे.

भूलवाला | १३ जून, दुपारी २:१०

मी भूलतज्ज्ञ आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. फांतीताई, तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा, हे आधीच सांगतो. पण अशा बायका ऑपरेशन टेबलावर आमच्याच हातात येतात, म्हणून लिहितो.

ओसरीताई, मीठ बंद केल्याने प्रीएक्लॅम्प्सिया टळतो असं दिसलेलं नाही. तुम्हाला झाला नाही कारण दुसऱ्या वेळी बहुतेकींना होतच नाही. एकदा झालेल्यांपैकी साधारण सहांत एकीला परत होतो. पहिलं बाळंतपण २८ ते ३४ आठवड्यांत करावं लागलं असेल तर मात्र तिघींत एकीला, आणि फांतीताई त्यात येतात. ही सगळी सरासरी, नुसता आकडा धरून बसू नका.

मूळ वारेत (प्लॅसेंटात) आहे. वार रुजताना गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात, त्या अरुंद राहतात. हे सगळं पहिल्या वीसेक आठवड्यांत होऊन जातं, बीपी वर येतं ते नंतर. म्हणून ॲस्पिरिन सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करायची. २०१७ साली ॲस्प्रे नावाचा मोठा अभ्यास आला. जोखीम जास्त असलेल्या १७७६ बायका, त्यातल्या साधारण अर्ध्या जणींना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ पर्यंत रोज रात्री १५० मिलीग्रॅम. सदतिसाव्या आठवड्याच्या आत होणारा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. दिवस भरल्यावर होणाऱ्यात विशेष फरक पडला नाही. म्हणजे ही गोळी आजार पुसून टाकत नाही, पण लवकर येणारा, जास्त घातक, तो बराचसा अडवते. तुमचा मागच्या वेळचा तोच होता.

आडवं पडून राहिल्यानेही टळत नाही, उलट पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती. चाला, घरातलं काम करा.

इतकं लवकर आणि इतकं जोराचं झालं होतं तर अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीची (हिच्यामुळे रक्त जास्त गोठतं) तपासणी झाली होती का ते विचारा. ती सापडली तर ॲस्पिरिनसोबत रक्त पातळ ठेवणारी हेपॅरिनची इंजेक्शनं लागतात. आणि वाचणाऱ्या इतरांसाठी: मधल्या वर्षांत ज्यांना बीपीची गोळी सुरू झाली आहे त्यांनी मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांना सांगा. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल गरोदरपणात चालत नाहीत. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा चालतात.

ओसरी | १३ जून, दुपारी २:४८

डॉक्टर, तुमचं ज्ञान मोठं. पण मला जे वाटलं ते मी लिहिलं. पायांची सूज तरी कमी होती एवढं नक्की.

भूलवाला | १३ जून, दुपारी ३:०५

मान्य. पायांना सूज साध्या गरोदरपणातही येते. एका दिवसात तोंड सुजलं, हातातली अंगठी निघेना, तर मात्र थांबू नका.

माईआजी | १३ जून, संध्याकाळी ६:२०

तोंडाच्या सुजेवरून आठवलं. आमच्या वेळी पेडण्यात कोण बघतंय बीपी! माझं तोंड फुगलं तर आमची आत्या म्हणे, 'बाय कशी गोरी-गोमटी दिसते, झील (मुलगा) होणार.' काकणं मनगटात रुतली होती, ती साबण लावून काढली. मला झटके आले. त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही, सुईण आणि दीर यांनी सांगितलेलंच मी सांगते. मूल वाचलं नाही.

दुसरी मुलगी तीन वर्षांनी, काही त्रास न होता. पण खरं सांगायचं ते पुढचं. चाळिशीत बीपी लागलं ते लागलंच, साठीला हृदयात स्टेंट. गेल्या वर्षी नव्या डॉक्टरांनी विचारलं, आजी, बाळंतपणात कधी बीपी वाढलं होतं? इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं.

भूलवाला | १३ जून, रात्री ८:००

माईआजी, विचारायलाच हवं होतं. असं झालेल्या बायकांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताची शक्यता साधारण दुप्पट असते. वर्षातून एकदा बीपी बघायचंच, बाळंतपण विसरलं तरी.

रानमोगरी | १३ जून, रात्री ११:५०

मला दुसऱ्या वेळीही झालं. ॲस्पिरिन वेळेवर, कॅल्शियम वेळेवर, सगळं केलं होतं. लिहू की नको असं दिवसभर चाललं होतं, पण लिहिते.

पहिल्या वेळी २९ व्या आठवड्यात. मुलगा चार दिवस होता.

दुसऱ्या वेळी ३७ व्या आठवड्यात. बीपी १४८/९६, लघवीत प्रथिनं. तपासणीला गेले होते, तिथूनच दाखल करून घेतलं. माझी पिशवी आधीपासून गाडीत होती. झटके येऊ नयेत म्हणून देतात ते मॅग्नेशियमचं इंजेक्शन याही वेळी लागलं, अंगातून वाफा निघतात तसं होतं, पण या वेळी आधीच माहीत होतं. मुलगी २ किलो ७००. दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ.

झालं, पण आठ आठवडे उशिरा झालं. एवढंच सांगायचं होतं.

फांती | १४ जून, सकाळी ६:१५

रानमोगरी, पहाटे वाचलं. जवळ असतीस तर येऊन बसले असते गो तुझ्यापाशी.

पुण्यातली_गोंयकार | १४ जून, सकाळी १०:४०

कुणाला लागेल, पण विचारते. एवढं सोसून, एक मुलगी सुखरूप असताना, दुसरं हवंच का? घरचा दबाव तर नाही ना? माझ्या बहिणीला सासरच्यांनी असंच ढकललं होतं.

आज_नुस्तें_कितें | १४ जून, सकाळी १०:५५

झालं, धागा पेटला.

फांती | १४ जून, दुपारी १:३०

पेटत नाही काही. रास्त प्रश्न आहे. दबाव उलटा होता. नवरा नको म्हणत होता, सासूबाई तर लैराई देवीला बोलून आल्या होत्या की एकच पोर दिलीस तीच पुरे. मला हवं होतं. चार वर्षं विचार केला. त्या वेळचे कागद घेऊन दोन डॉक्टरांकडे गेले, किडनी, साखर, सगळं तपासून घेतलं, अँटिबॉडीची तपासणीही झाली आहे, ती नाही निघाली. सात किलो वजन उतरवलं. मग ठरवलं. डॉक्टर म्हणतात तिघींत एकीला, म्हणजे दोघींना नाही, मी ते धरून आहे.

पुण्यातली_गोंयकार | १४ जून, दुपारी १:४२

मग माझं तोंड बंद. मनापासून शुभेच्छा.

सत्तरीकर | १५ जून, रात्री ९:२५

नवऱ्याच्या बाजूने लिहितो. आमचं घर वाळपईच्याही पुढे. पहिल्या वेळी पाऊस, रात्री अडीच, वाटेत झाड आडवं. बायको मागच्या सीटवर 'डोकं फुटतंय' म्हणत होती आणि मी कोयत्याने फांद्या तोडत होतो. अजून पावसात झाड कडकडलं की मी उठून बसतो.

दुसऱ्या वेळी आम्ही तीन गोष्टी केल्या. फाइलच्या पहिल्या पानावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मागील बाळंतपणात प्रीएक्लॅम्प्सिया, ३० आठवडे, झटके', खाली रक्तगट आणि चालू औषधं. ड्युटीवर कोणीही डॉक्टर असो, दहा सेकंदांत कळतं. मी नेहमी घरी असेनच असं नाही, म्हणून बीपी कितीच्या वर गेलं तर फोन आणि कितीच्या वर गेलं तर सरळ निघायचं हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन फ्रिजवर लावलं. आम्हाला दिलेले आकडे: १४०/९० ला फोन, १६०/११० ला गाडी. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, छातीखाली दुखलं, तर आकडा काहीही असो, निघायचं. आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून मेरशीला मावसभावाकडे राहिलो. तिथून बांबोळी दहा मिनिटं.

साखळीहून रस्ता बरा आहे, पण पणजीत शिरताना पुलावर अडकलात तर अडकलात. पणजीला कुणी जवळचं असेल तर तिथे जाऊन राहा.

गावात आहात तोवर आणखी एक. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, फुकट. चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी. खाजगीत दाखवत असाल तरी जाता येतं. आम्ही जायचो, एक बीपी जास्तीचं बघून होतं.

कुळागर | १५ जून, रात्री १०:००

सत्तरीकर, फ्रिजवरच्या कागदाला शंभर गुण.

फांती, कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नकोस, एकीमुळे दुसरी अंगी लागत नाही. माझं लोह सकाळी, कॅल्शियम जेवणानंतर, ॲस्पिरिन झोपताना. वर नाचणीची तिजन आणि तारले मासे काट्यासकट.

ओसरी | १५ जून, रात्री १०:२०

तारले मीठ न घालता कसे लागतात ते मी खाल्लेत. आता डॉक्टर म्हणतात त्याचा उपयोग नव्हता. सहा महिने, हो! माझे सहा महिने परत द्या.

आज_नुस्तें_कितें | १५ जून, रात्री १०:२४

ओसरीताईंना भरपाई म्हणून एक बरणी तोरां. वर्गणी काढूया.

भूलवाला | १६ जून, सकाळी ८:१०

बरणी नको. एखादी फोड जेवणात असू दे.

फांती | ३ सप्टेंबर, दुपारी ४:०५

धागा वर काढतेय. बावीस आठवडे. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी चांगली आली, बीपी ११०-११८ च्या आसपास. ॲस्पिरिन घ्यायला गेले तर फार्मसीवाला म्हणाला, 'हार्टचं कोणाला?' मी म्हटलं मला, पोटात. तो बिचारा चिठ्ठीकडे बघतच राहिला.

चवथीला सासूबाईंनी मला माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात तिथे) खुर्ची टाकून बसवलं आणि नेवऱ्या (करंज्या) करायला जावा-नणंदा. येणारा प्रत्येक माणूस विचारतोय, पोर बरी ना? बरणी माळ्यावरून खाली आली, पण तिच्यावर सासूबाईंचा डोळा असतो.

फांती | ६ नोव्हेंबर, रात्री २:१५

एकतिसावा आठवडा. मागच्या वेळी जिथे सगळं मोडलं तो. पणजीला बहिणीकडे आहे. आज जेवल्यावर उजवीकडे दुखल्यासारखं वाटलं. बीपी १२४/८०. काजवे नाहीत, डोकं नाही. बहीण म्हणते गॅस असेल. 'ॲसिडिटी' हा शब्द ऐकला की माझे हातपाय गार पडतात. दोन वाजता जाऊ की सकाळपर्यंत थांबू?

रानमोगरी | ६ नोव्हेंबर, रात्री २:२१

जा. आता. काही निघालं नाही तर घरी येऊन झोप.

सत्तरीकर | ६ नोव्हेंबर, पहाटे ५:५०

काय झालं? गेलात का?

फांती | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:३५

गेले. फाइलचं पहिलं पान वाचल्यावर ड्युटीवरच्या डॉक्टरणीने एक प्रश्न जास्त विचारला नाही. रक्त, लघवी, बाळाचे ठोके. प्लेटलेट दोन लाख दहा हजार, लिव्हरचे आकडे ठीक. गॅसच होता! मी म्हटलं, सॉरी, उगाच आले. ती म्हणाली, पुढच्या वेळी पण उगाच या.

बहीण बाहेर बाकावर शाल घेऊन झोपली होती.

माईआजी | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

देव तिचं भलं करो, त्या मुलीचं.

फांती | २ जानेवारी, संध्याकाळी ७:४०

उशिरा लिहितेय, माफ करा.

चौतिसाव्या आठवड्यात बीपी १४२/९२ ला गेलं, दोन तासांनी परत तेवढंच. लॅबेटालॉल सुरू झालं. आठवड्यातून दोनदा तपासणी. ३७ पूर्ण झाल्यावर लघवीत प्रथिनं दिसायला लागली, दुसऱ्या दिवशी सिझेरियन. मुलगा, २ किलो ६५०. रडला तेव्हा मी पडद्याच्या अलीकडून विचारत होते, पेटीत ठेवणार का? भूल देणारे डॉक्टर म्हणाले, कशाला, हा घ्या. आणि गालाला लावला. भूलवाला, ते तुम्ही नव्हता ना?

बाळंतपण झालं म्हणजे सुटले असं मला वाटत होतं. पाचव्या दिवशी घरी आले, सगळे बारशाचं बोलत होते. संध्याकाळी सवयीने पट्टा बांधला तर १५८/१०४. डोकं जरा जड होतं, मी जागरणावर ढकललं असतं. परत गेलो, दोन दिवस राहिले, गोळी वाढवली.

भूलवाला | २ जानेवारी, रात्री ८:३०

अभिनंदन! मी नव्हतो, पण असतो तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवसाचं लिहिलंत हे फार चांगलं केलंत. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी सगळ्यात वर जातं, आणि नेमकं तेव्हा सगळे घरी गेलेले असतात. झटके त्यानंतरही येऊ शकतात. सहा आठवडे मशीन उशाशी असू दे. अंगावर पाजताना चालणाऱ्या गोळ्या भरपूर आहेत, स्वतःहून बंद करू नका.

आज_नुस्तें_कितें | २ जानेवारी, रात्री ८:४४

बारशाला बोलवा. मशीन घेऊन येतो, रांग लावूया.

ओसरी | २ जानेवारी, रात्री ९:१०

फांती, खूप आनंद झाला गो. माझ्या भाचीला पाचवा महिना चालू आहे, तिचंही पहिल्या वेळी बीपी वाढलं होतं. तिला हा धागा पाठवलाय. ती विचारतेय पट्टा कुठला घेतलास.

फांती | २ जानेवारी, रात्री ९:३२

तिचा दंड मोजायला सांग आधी, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध. माझा ३३ भरला, म्हणून मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला. मशीनवाल्या दुकानात नव्हता, आठ दिवसांनी आला.